छायाचित्रणापूर्वी घड्याळ जुळवा

डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख व वेळ ‘एक्झिफ’ नोंदीत साठवतो. ही वेळ कॅमेऱ्यातील घड्याळाची असते. ते चुकल्यास लग्नसमारंभात दोन कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे एकत्र लावताना मंगलाष्टकांआधीच वरात निघते! बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवल्यास अनेक कॅमेऱ्यांतील तारीख पुसली जाते. म्हणून प्रवासापूर्वी मोबाइलवरील वेळेशी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवावे. परदेशात तेथील प्रमाणवेळ निवडावी. एक्झिफमध्ये कालविभाग नोंदविण्याची सोय २०१६ मध्ये झाली. जुन्या कॅमेऱ्यांत ती नसते.

स्थळाची नोंदही बऱ्याचदा वेळेवरच विसंबते. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यासोबत मोबाइलवर प्रवासमार्ग नोंदवावा. नंतर संगणक दोन्हींच्या वेळा जुळवून छायाचित्रांना अक्षांश-रेखांश जोडतो. घड्याळ पाच मिनिटे चुकलेले असेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीतून टिपलेले दृश्य नकाशावर पाच किलोमीटर दूर दिसते.

यावर सोपा उपाय आहे. सुरुवातीलाच मोबाइलवरील सेकंददर्शक घड्याळाचे एक छायाचित्र घ्यावे. कॅमेऱ्याच्या वेळेतील फरक त्यावरून कळतो आणि सर्व छायाचित्रांच्या नोंदी एकदम दुरुस्त करता येतात. मात्र घरातील छायाचित्रे इतरांना पाठविण्यापूर्वी स्थळाची नोंद अवश्य काढून टाकावी. अन्यथा छायाचित्रासोबत घराचा ठावठिकाणाही परक्यांच्या हाती पडू शकतो.