विश्लेषण : खोक्यावर ६०००, संगणकात ४८००! ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड आणि रॅम कशी निवडावी?

२०१८ मध्ये नारायण पेठेतील एका जुन्या वाड्यात आम्ही तिघे मित्र भाड्याने राहत होतो. माळ्यावरची खोली, वर पत्रा. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी पैसे जमवून एक संगणक जोडून घेतला. प्रोसेसर रायझन ५ २६००, म्हणजे वेग वाढवता येणारा. रॅम ३००० वेगाची. पैसे वाचवायला मदरबोर्ड मात्र सर्वात स्वस्त, ए३२० चिपसेटचा. हौसेने ओव्हरक्लॉकिंग करायला बसलो तर बायोसमध्ये प्रोसेसरचा वेग वाढवण्याचा पर्यायच नव्हता. रॅमही वर्षभर २१३३ वर चालत असल्याचे तेव्हाच कळले. दुकानदाराचा दोष नव्हता, आम्ही विचारलेच नव्हते.

हे आता सांगण्याचे कारण रॅमचे भाव. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम कडाडली. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. इतके पैसे मोजून घेतलेली रॅम अर्ध्या-पाऊण वेगाने चालत असेल तर नुकसान थेट खिशाचे आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरचा वेग म्हणजे एक गुणाकार असतो. मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ. हा गुणक किंवा मूळ क्लॉक कंपनीने ठरवलेल्या आकड्याच्या वर नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मधला इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठी गाजला. त्याचा गुणक साडेचार आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० वर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात!

ते दिवस गेले. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच जवळपास शेवटच्या टोकापर्यंत ताणून येतात. कोअर आय९-१४९००के खोक्यातून काढल्या काढल्या ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हाताने आणखी ताणले तर वेग थोडाच वाढतो, उष्णता मात्र बरीच. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, बहुतेकांनी प्रोसेसरच्या मागे न लागता रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालेल एवढे पाहावे. तेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि पैसे वसूल होतात ते तिथे.

मदरबोर्ड घेताना काय पाहावे?

आधी चिपसेटचे नाव. इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा बोर्ड (झेड६९०, झेड७९०, झेड८९०) अशी जोडी असेल तरच गुणक वाढवता येतो. बी६६० किंवा बी७६० वर प्रोसेसरला कुलूप असते, पण रॅमचा वेग वाढवता येतो. एच६१० वर दोन्ही बंद. कोटेशन स्वस्त दिसले की त्यात हाच बोर्ड नाही ना, हे आधी बघा. एएमडीकडे हात थोडा सैल आहे. बी५५०, बी६५० यांसारख्या मधल्या किमतीच्या बोर्डांवरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो. ए५२० आणि ए६२० वर फक्त रॅम.

दुसरी गोष्ट व्हीआरएम. जाहिरातीत हिचे नाव मोठे असते, पण ती काय करते हे क्वचितच कोणी सांगते. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास देणे हे तिचे काम. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल आणि व्होल्टेज १.२ असेल तर प्रवाह होतो सुमारे १६६ अँपिअर. घरातल्या साध्या एमसीबीवर ३२ अँपिअर लिहिलेले असते, त्यावरून अंदाज यावा. एवढा प्रवाह तळहाताएवढ्या जागेतून जातो. तिथे ॲल्युमिनिअमचा जाड हीटसिंक नसेल तर व्हीआरएम तापते आणि बोर्ड स्वतःच प्रोसेसरला आवर घालतो. म्हणून रंगीत दिव्यांच्या बोर्डापेक्षा जाड हीटसिंकचा, साधा दिसणारा बोर्ड घ्यावा. ‘१२+२’ अशा फेजच्या आकड्यांवरच विसंबू नये, प्रत्येक फेज किती अँपिअर पेलते तेही पाहावे.

तिसरी बाब अगदी साधी, पण चुकते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम५ बोर्डांना डीडीआर५ च लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात आणि नावे जवळपास सारखीच असतात. बिल करण्याआधी खोक्यावरचे पूर्ण नाव वाचा.

रॅमच्या खोक्यावरचा आकडा खरा की खोटा?

खरा, पण अटीसह. डीडीआर५-६००० लिहिलेली रॅम बसवली की ती आधी ४८०० सारख्या प्रमाणित वेगावर सुरू होते. पुढचा वेग रॅममध्ये ‘प्रोफाइल’ म्हणून साठवलेला असतो. इंटेलकडे त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीकडे एक्स्पो. बायोसमध्ये जाऊन तो एकदा सुरू करावा लागतो. आमच्या खोलीत वर्षभर राहिले होते ते हेच.

तपासणे सोपे आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘स्पीड’ बघा. सीपीयू-झेडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ६००० ऐवजी ३००० दिसले तर घाबरू नका. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून तो आकडा निम्मा दिसतो.

वेगाइतकाच महत्त्वाचा ‘सीएल’चा आकडा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की प्रतीक्षेचा काळ नॅनोसेकंदांत मिळतो. ६००० सीएल३० ची रॅम १० नॅनोसेकंद घेते, ६४०० सीएल४० ची साडेबारा. म्हणजे मोठ्या आकड्याची रॅम प्रतिसादात मागेही असू शकते. रायझन ७००० मालिकेसाठी ६००० हा वेग सर्वात जुळणारा असल्याचे खुद्द एएमडीनेच सांगितले होते. त्यापुढच्या महागड्या रॅमवर पैसे घालवण्याची गरज बहुतेकांना नाही.

३२ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घ्याव्यात आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. चारही खाचा भरल्या तर वेग घसरतो. रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारला ३६०० अशी आहे. ‘आत्ता दोन घेऊ, पुढे दोन वाढवू’ हा हिशेब डीडीआर५ मध्ये त्यामुळे महागात पडतो. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर ‘क्यूव्हीएल’ नावाची यादी असते. त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमचे मॉडेल क्रमांक त्यात मिळतात.

याचा फायदा गेम, व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फाइल कॉम्प्रेस करणे अशा कामांत दिसतो. पेठेतल्या डीटीपीच्या संगणकाला ओव्हरक्लॉकिंगने फारसे काही मिळणार नाही, हेही सांगायला हवे.

धोका किती?

व्होल्टेज १.२ वरून १.३ केले तर वेग तोच ठेवूनही उष्णता सुमारे १७ टक्के वाढते. शिवाय पंखा असो की पाण्याचा कूलर, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. एसीच्या २४ अंशांत प्रोसेसर ८० वर असेल, तर पत्र्याखालच्या ३८ अंशांत तो ९४ च्या घरात जाईल. परदेशातल्या व्हिडिओत दाखवलेली सेटिंग्ज मे महिन्यात पुण्यात का टिकत नाहीत, याचे उत्तर यात आहे.

बोर्डाने आपणहून जास्त व्होल्टेज देण्याचे प्रकारही घडले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले. त्यानंतर बायोस अपडेटमधून एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा आली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील अस्थिरतेसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. तेव्हा बोर्ड नवा असो की जुना, आधी बायोस अपडेट करा, आणि तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, ही अट दोन्ही कंपन्यांची आहे.

एएम५ वर एक्स्पो सुरू केल्यानंतर पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमची चाचणी घेत असतो, घाईने बटण दाबू नका. संगणक सुरू झाला की मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक निघाली तरी वेग एक पायरी खाली आणा. थंडीत ही चाचणी पास झाली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा एकदा घ्या.