कुर्ल्याचा जोडरस्ता आणि भागीदारीचे गैरसमज

गैरसमज: भागीदारी म्हणजे वर्ल्ड बँकेने पैसे द्यायचे आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाबद्दल असे वाटणे साहजिक आहे. २००२ साली मंजूर झालेल्या ५४.२ कोटी डॉलरच्या कर्जाचाच तेव्हा गाजावाजा झाला. पण नुसत्या कर्जाने प्रकल्पाच्या वाटेतली रुळालगतची झोपडी हलत नाही. तिच्यात राहते कोण, याची मोजणी 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था, महिला मिलन आणि जोकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनने वस्तीतल्या माणसांना हाताशी धरून केली. पुनर्वसनाची बरीच घरे खाजगी बिल्डरांनी टीडीआरच्या, म्हणजे इतरत्र वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कांच्या, बदल्यात बांधली. त्यांना नफा हवाच होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

गैरसमज: स्वयंसेवी संस्था सामील झाली, म्हणजे लोकांची संमती मिळालीच.

रुळालगत हे बऱ्याच अंशी खरे ठरले, म्हणूनच हा समज घट्ट आहे. दारावरून लोकल जाणाऱ्या कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे पक्के घर मोफत मिळत असेल, तर ते हलायला तयार होते. याच प्रकल्पातल्या सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावर, कुर्ला पश्चिमेला, मामला निराळा होता. तिथे दुकानदार होते. दुकान केवढेही असो, मोफत गाळा २२५ चौरस फुटांपर्यंतच. आणि बांधलेले गिऱ्हाईक काही टेम्पोत भरून नव्या वसाहतीत नेता येत नाही. युनायटेड शॉप ओनर्स असोसिएशनने एप्रिल २००४ मध्ये थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. पाठोपाठ इतर संघटनाही गेल्या. दुकानदारांच्या पुनर्वसनात बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असा ठपका मंडळाने डिसेंबर २००५ च्या अहवालात ठेवला. १ मार्च २००६ पासून रस्ते व पुनर्वसनाचा निधी थांबला. झोपडीवासीयांची संघटना कितीही प्रामाणिक असली, तरी दुकानदारांनी तिला आपल्या वतीने बोलायला सांगितले नव्हते.

गैरसमज: भागीदारीची ही सारी भाषा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सतराव्या शाश्वत विकास उद्दिष्टानंतरचे, भागीदारीच्या उद्दिष्टानंतरचे, फॅड.

ते उद्दिष्ट २०१५ चे. कुर्ल्यातला वाद तोवर दहा वर्षांहून जुना झाला होता.

गैरसमज: तक्रारखोरांनी रस्ता रखडवला.

रस्ता खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये. इतकी वर्षे धूळ खाल्लेल्या कुर्लेकरांनी कुणावर तरी राग काढणे समजण्यासारखे आहे. पण निधी थांबला होता जेमतेम चार महिने. जून २००६ अखेर तो पुन्हा सुरू झाला. रस्ता खुला व्हायला त्यानंतरही जवळजवळ आठ वर्षे लागली, आणि रेल्वेमार्गांवरून पूल नेण्याचे किचकट काम दुकानदारांच्या हातात नव्हते.