नेतीच्या पाण्यात विसण नको

चोंदलेले नाक मिठाच्या कोमट पाण्याने धुण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. योगातील शुद्धिक्रियांत जलनेतीला मानाचे स्थान आहे आणि सायनसचा जुनाट दाह किंवा ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांना नाक-कान-घसातज्ज्ञही हा उपाय सुचवतात. साचलेला चिकट स्राव सैल होतो, धूळ वाहून जाते, रात्रीची झोप सुधारते. तेव्हा तक्रार उपायाविषयी नाही; प्रश्न आहे तो पाण्याचा.

२०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एक तरुण आणि पन्नाशीची एक स्त्री असे दोघे मेंदूच्या संसर्गाने दगावले. दोघेही नेतीपात्रात नळाचे पाणी भरून नाक धूत असत, आणि दोघांच्याही घरच्या नळांत ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा अमीबा सापडला. अलीकडे टेक्सासमधील ७१ वर्षांच्या एका निरोगी स्त्रीच्या बाबतीतही असेच घडले. लक्षणे दिसू लागल्यापासून आठव्या दिवशी तिचा मृत्यू झाला. आपल्या शेजारी, केरळात, २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, हे खरे. पण झाल्यावर त्यातून वाचणारे फारच थोडे, आणि टाळण्याचा उपाय मात्र चुलीवरच्या पातेल्याइतका सोपा!

जे पाणी आपण निर्धास्त पितो ते नाकाला का चालू नये, असे ज्येष्ठ मंडळी हटकून विचारतात. पोटात गेलेला हा अमीबा जठरातील आम्लात टिकत नाही. नाकात तसा पहारेकरी नाही. नाकाच्या छतापाशी असलेल्या गंधाच्या नसांवाटे तो थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. मिठामुळे पाणी निर्जंतुक होते, हाही गैरसमजच. नेतीपुरते मीठ त्याला मारू शकत नाही.

खरी चूक बहुधा पाणी कोमट करताना होते. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालावे, तशी सवयीने नेतीच्या उकळलेल्या पाण्यातही नळाच्या पाण्याची धार सोडली जाते. तेवढ्याने उकळण्याचे सारे श्रम वाया जातात. गीझरचे कोमट पाणी तर त्याहून वाईट, कारण या अमीबाला ऊबच मानवते. सुमारे ४६ अंश सेल्सियसपर्यंतच्या उष्ण पाण्यातही तो वाढतो. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते निदान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकण ठेवून आपोआप निवू द्यावे. घाई असेल तर झाकलेले पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवावे. बाहेरचे पाणी आत उडणार नाही एवढे पाहावे. उरलेले पाणी स्वच्छ, बंद भांड्यात २४ तासांपर्यंत चालते. मीठ अर्धा लिटरला जेमतेम एक लहान चमचा, तेही कोरड्या चमच्याने. नेतीपात्र उकळलेल्या पाण्यानेच विसळून पूर्ण वाळवावे. सकाळी सर्वांची धांदल असते, तेव्हा आजोबांच्या नेतीचे पाणी रात्रीच उकळून झाकून ठेवणे सोयीचे.

घरात शुद्धीकरण यंत्र असले तरी नेतीसाठी पाणी उकळावेच. साध्या कोळशाच्या गाळणीतून हा जीव अडत नाही, आणि यंत्राची टाकी वा तोटी कितपत स्वच्छ आहे हे डोळ्यांना दिसत नाही. कर्करोगावरील उपचार, अवयवरोपण किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अशांना नळाच्या पाण्यातील इतरही अमीबा त्रास देऊ शकतात. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा सूचना नीट न उमजणाऱ्या रुग्णाला शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या मनाने नेती देऊ नये.

आधी न उकळलेल्या पाण्याने नाक धुतले असेल आणि पुढच्या बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे किंवा भ्रम यांपैकी काही जाणवले, तर फ्लू समजून घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे आणि नाकात कोणते पाणी घेतले होते, हे डॉक्टरांना विचारण्यापूर्वीच सांगावे.