अर्धी नोट

फिनलंडच्या जुन्या नोटा जमविण्याचा नाद मला कसा लागला, हे कोडे आमच्या घरात अजून कोणालाही सुटलेले नाही. मराठीच्या प्राध्यापकाने फार तर जुन्या पोथ्या जमवाव्यात! पण पाचशे मार्कांच्या, १९८६ च्या मालिकेतील नोटेवर मी एलियास ल्योनरोट यांचे चित्र पाहिले आणि फसलो. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. खेडोपाडी हिंडून त्यांनी लोकगीते गोळा केली व १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. अशा माणसाला नोटेवर बसविणारा देश मला एकदम आपला वाटू लागला.

पुढे एकदा मी पाचशे मार्कांचीच, पण त्याहून जुनी अशी अर्धी नोट विकत आणली. “अहो, फाटक्या नोटेला पैसे मोजलेत?” सौभाग्यवतीने विचारले.

ती फाटलेली नव्हती, कापलेली होती. महायुद्धाने फिनलंड खंक झाला होता. रशियाला खंडणी द्यायची होती आणि महागाई भडकली होती. तेव्हा १९४६ च्या पहिल्या दिवसापासून सरकारने पाचशे, हजार व पाच हजारांच्या नोटा लोकांना चक्क कात्रीने कापायला लावल्या. डावा तुकडा अर्ध्या किमतीला १६ फेब्रुवारीपर्यंत चालायचा. उजवा म्हणजे सरकारला सक्तीचे कर्ज. ते १९४९ साली फेडले, पण तोवर महागाईने त्यातला कस काढून घेतला होता. बँकेतल्या ठेवींना मात्र कात्री लागली नाही. कापले गेले ते घरात ठेवलेले पैसे.

माझ्याकडचा तुकडा डावा आहे. म्हणजे कोणीतरी तो मुदतीत खर्चलाच नाही. का बरे?

उत्तर मला आमच्याच घरात सापडले. २०१६ च्या नोव्हेंबरात मी आईला थट्टेने म्हटले होते, “काढ बघू तुझा काळा पैसा!” ती नुसती हसली. २०१८ साली ती गेली. तिच्या पैठणीच्या घडीत पाचशेच्या दोन जुन्या नोटा निघाल्या. मी थट्टा केली नसती, तर कदाचित तिने त्या माझ्या हाती दिल्या असत्या.

आता अल्बमच्या एकाच पानावर तो तुकडा आणि त्या दोन नोटा आहेत. त्या पानाला सौभाग्यवती फाटक्या नोटेचे पान म्हणत नाही.