जवारी आणि तीनशे वर्षं

मुंबईतल्या माहुलमध्ये राहिलं की नाक संशयी होतं. तेलशुद्धीकरण कारखाने, साठवणुकीच्या टाक्या, टँकरांची रांग. इथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोक्याची आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं 2015 साली मान्य केलं. आमच्या नाकांनी तो निकाल कधीच दिला होता. त्यामुळे एका रविवारी जिन्यात थिनरचा वास भरला, तेव्हा मजल्यावरचे सगळे दारात आले. निघाला शेजारचा मुलगा. नवीकोरी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन तिचा रंग तो पॉलिश पेपरनं खरवडत बसला होता.

“व्हिंटेज लुक, काकू,” तो म्हणाला आणि मग माझा तास घेतला. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली. तेव्हाच्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. तो वर्षानुवर्षं पिवळत जातो, थंडीत तडकतो आणि वाजवणाऱ्याचा हात जिथे घासतो तिथे उडून खालचं लाकूड उघडं पडतं. अशा जुन्या गिटारींच्या किमती इतक्या चढल्या की 1990च्या दशकाच्या मध्यावर खुद्द फेंडरनंच नव्या गिटारी कारखान्यात झिजवून विकायला काढल्या. गिऱ्हाईक त्या झिजेचे वर पैसे मोजतं. “आणि रंग कमी झाला ना, की आवाजपण उघडतो.” हे काही मला पटलं नाही. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांखालच्या चुंबकांतून आणि त्यांच्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून जातो. त्यात रंगाचा वाटा असून असून किती असणार? पण आवाज उघडण्याची गोष्ट डोक्यात राहिली, कारण आमच्या कपाटामागे आईचा तंबोरा आवाज बंद करून उभा होता. मिरजेहून आलेला. तो घेऊन मी मिरजेला गेले.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे उतरणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. एक, रुग्णाची फाइल काखेत धरलेली. 1894 साली वॉनलेस रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून हे गाव डॉक्टरांचं. दुसरी, गोधडीत गुंडाळलेलं वाद्य सांभाळत डब्याच्या दारातून आडवी बाहेर पडणारी. रिक्षावाल्याला मला पत्ता सांगावा लागला नाही.

सतारमेकर गल्लीत पहिल्यांदा भेटतो तो वास. स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी लाख. माझ्या नाकानं सवयीनं खिडकी शोधली आणि मग शोधायचं सोडून दिलं. हा वास उग्र असतो, पण थोड्या वेळात गोडसर वाटू लागतो. पुढं दुकानांत बसले, चहा प्यायले, तरी लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जाई. चिंधीची घट्ट गुंडाळी लाखेत बुडवायची, पिळायची आणि भोपळ्यावरून गोल गोल फिरवत राहायची. एक हात सुकला की दुसरा. चकाकी एका हातात येत नाही आणि ती आणणारा पोरगा घाई करत नाही.

पण तंबोऱ्याची सुरुवात लाखेपासून होत नाही, शेतापासून होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला खास वाद्यांसाठी जाड सालीचा कडू भोपळा लावतात. तो वेलावर पुरता पिकावा लागतो, मग वाळवावा लागतो. छताला टांगलेले आणि माळ्यावर रचलेले भोपळे मी पाहिले तेव्हा चाचा म्हणाले, “बगा, यातला कुठला तंबोरा होईल ते आत्ता सांगता येत न्हाई.” चाचा म्हणजे मी ज्यांच्याकडे तंबोरा दिला ते. भोपळ्याला ते बोटाच्या पेरानं टकटक करतात, उन्हाकडे धरतात, कानाशी नेतात. दहातले काही बाजूला. भोपळा कापणं, भिजवून आकार देणं, तुणीच्या लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी जोडणं, वर तबली बसवणं, खुंट्या घालणं, हे सगळं ओळीनं होत जातं. मग भोपळ्याच्या खांद्यावर लाकडी पानं चिकटवतात आणि सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्टीवर नक्षी कोरून तिच्यात काळा रंग भरतात. पाहुणे फोटो काढतात ते याच कामाचे. चाचांना त्यात फारसा रस दिसला नाही.

गल्लीत एक आकडा सारखा कानावर येतो: तीनशे वर्षं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी तीनशे वर्षांची, सात पिढ्यांची परंपरा असं छापलं. तेव्हापासून दुकानदार तीनशे म्हणतो, चहावाला तीनशे म्हणतो. पण याच गल्लीत घराण्याचा मूळ पुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात ते फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. शिकलगार घराणं, हत्यारांना धार लावणारं. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर गेल्या आणि पटवर्धनांच्या मिरजेत गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता हे लोक वाद्यं घडवायला लागले. पिढीला पंचवीस वर्षं धरली तर सात पिढ्या म्हणजे पावणेदोनशे. हिशेब फरीदसाहेबांपाशी चोख लागतो. वरची सव्वाशे वर्षं कुठून आली? माहुलच्या त्या मुलाच्या हातातला पॉलिश पेपर मला इथंही दिसला. पावणेदोनशे वर्षं कमी होती का? अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुराचा हट्टी माणूस या गावात राहिला, 1937 साली गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावला. त्यांच्या कानाला पुरलेल्या कारागिरीला वय वाढवून सांगायची गरज नाही.

चाचा मात्र तीनशे म्हणाले नाहीत. “माज्या आजोबाचा हात मी बगितलाय. त्याच्या आधीचं ऐकीव.”

आता जवारी, म्हणजे घोडी घासून तंबोऱ्याचा आवाज उघडणं. हे काम पाहताना माझा सगळा दिवस गेला आणि खरं तर एवढंच पाहण्यासारखं आहे. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. ही घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला जेमतेम नजरेला कळेल असा उतार आणि बाक असतो. तार तिला एका टोकावर टेकून सुटत नाही, कंपताना त्या उतारावर घासत राहते. त्या घासण्यातून सूक्ष्म स्वरांचा झरा फुटतो, षड्जाच्या आत गंधार ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं. तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटायलाच नको, असा युरोपात मान्य असलेला नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत तो खुशाल उमटतो, हे त्यांनी दाखवलं. कारण घोडीचा तो बाक. नोबेल त्यांना पुढं दुसऱ्या कामासाठी मिळालं.

वाजवून वाजवून तार घोडीत चर पाडते. चर पडला की तार त्यात रुतून बसते, घासायची थांबते आणि आवाज मुका होतो. आईच्या तंबोऱ्याचं हेच झालं होतं. गिटारवाल्यांना जी झीज दागिन्यासारखी मिरवावीशी वाटते, ती इथं दुखणं आहे. वाद्य जुनं असू द्या, भोपळा आणि लाकूड मुरलेलं असू द्या; पण ज्या जागी आवाज जन्मतो ती जागा पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. तंबोऱ्याचा आवाज कधीच व्हिंटेज नसतो. तो फार तर गेल्या वर्षीचा असतो.

चाचांनी तारा सैल करून बाजूला केल्या, घोडीवरून कानस फिरवली, दोन-तीन हात, फुंकर मारली, तारा परत चढवल्या, सूर लावला, तारेखाली दोरा सरकवला आणि ऐकलं. पुन्हा सैल. पुन्हा दोन हात. तारेगणिक हेच. मला तिसऱ्या खेपेलाच आवाज छान वाटला. त्यांनी मान हलवली. “ही बोलतीय, पन जोडीतली दुसरी तिचं ऐकत न्हाई.” मापाचं कुठलंही साधन जवळ नव्हतं. एक हात जास्त पडला तर सगळा पृष्ठभाग पुन्हा उतरवायचा आणि दर वेळी घोडी तेवढी पातळ होते. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ते कानस खाली ठेवत आणि तो वळणापलीकडं जाईपर्यंत थांबत.

फोनवरच्या तंबोऱ्याला हे काही लागत नाही. 1979 साली बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, त्याचीच पोरंबाळं आज प्रत्येक गाणाऱ्याच्या खिशात आहेत. मीही वापरते. चाचांनी त्याला नावं ठेवली नाहीत. “परवासाला बरं हाय. पन ते रोज सारकंच बोलतं.” मला हा शेरा पुरेसा वाटला.

जीआयचं मला वाईट वाटत नाही. दुसरीकडचा माल मिरजेच्या नावानं खपणार नाही, याला कोण नको म्हणेल? पण मानांकन भोपळ्याला मिळालं, लाकडाला, पद्धतीला मिळालं. चाचांच्या कानाची नोंद कुठल्या अर्जात करणार? त्यांचा पुतण्या हुशार आहे. दांडीपासून नक्षीपर्यंत अख्खा तंबोरा एकटा उभा करतो, परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलतो. जवारीला मात्र चाचांकडे येतो. का शिकत नाहीस, म्हणून मी विचारलं. तो लाखेची चिंधी फिरवत होता.

“शिकायचं म्हंजे वर्षानुवर्षं निस्तं ऐकत बसायचं, ताई. नव्या तंबोऱ्याचे पैसे येतात. ऐकत बसायची मजुरी कोण देनार?”

चाचांनी हे ऐकलं. मला म्हणाले, त्यांनाही वडिलांनी कधी दिली नव्हती, उलट लक्ष नसलं की टपली मिळायची.