अरुंद वाटेने येणारे चित्र

घरी बसून चित्रपट पाहणाऱ्यास तो ज्या वाटेने येतो ती वाट किती अरुंद आहे, याची सहसा कल्पना नसते. चित्र मध्येच थबकले आणि पडद्यावर चक्र फिरू लागले, म्हणजेच तिची आठवण होते. वस्तुतः हिशेब केला, तर नवल चित्र थबकण्याचे नव्हे, चालण्याचे वाटावे.

हाय डेफिनिशन चित्राच्या एका ओळीत १९२० बिंदू असतात आणि अशा ओळी १०८०. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावयास २४ बिट लागतात, आणि अशी २५ चित्रे दर सेकंदास दाखवावयाची असतात. हा गुणाकार सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतो. घरातील जोडणीतून सेकंदाला ५० लाख बिट येत असतील, तर गरजेचा जेमतेम अडीचशेवा भाग हाती येतो.

मग उरलेले भाग जातात कोठे? ते पाठविलेच जात नाहीत. बातम्या सांगणाऱ्या निवेदिकेचे ओठ हलतात, तिच्यामागची भिंत हलत नाही. म्हणून भिंत एकदा पाठवावयाची व पुढे केवळ झालेला बदल कळवावयाचा. डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो, तितका रंगातील टिपत नाही. तेव्हा रंगाचा तपशील चौथाईवर आणता येतो. शिवाय चित्राचे लहान चौकोन पाडून, त्यांतील छटांचे ठळक व सूक्ष्म चढउतार गणिताने वेगळे केले जातात आणि डोळ्यास न जाणवणारे सूक्ष्म चढउतार गाळले जातात. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाचे हे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले.

तथापि वाटेची रुंदी क्षणोक्षणी बदलते. त्यासाठी चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रती सिद्ध ठेवतात. मागील तुकडा किती वेळात आला हे पाहून घरचे यंत्र पुढील तुकड्याची जाड वा बारीक प्रत मागते. नळ जाण्यापूर्वी रांजण भरून ठेवावा, तसे काही तुकडे ते आगाऊ साठवते. पण आवक खर्चाहून कमीच राहिली, तर रांजण रिकामा व्हावयाचाच. म्हणून यंत्र आधी स्पष्टता सोडते, अखंडता नव्हे. कारण धूसर चित्र प्रेक्षक सोसतो, थबकलेले सोसत नाही.

या विवेकाची सामुदायिक कसोटी २०२० साली लागली. टाळेबंदीत सारे घरी बसले आणि जाळ्यांवरील भार वाढला. तेव्हा मार्चच्या अखेरीस भारतातील चित्रसेवा देणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० ओळींच्या आत ठेवण्याचे मान्य केले. मोबाइलच्या मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिसरातील सर्वांत वाटली जाते. एका घरी चालणारा चित्रपट आणि शेजारच्या घरी चाललेला मुलाचा वर्ग वा रुग्णाचा वैद्याशी संवाद एकाच वाटेने जात असतात. पडद्यावरील थोडा तजेला सोडून दिला, तर शेजाऱ्याचे बोलणे तुटत नाही. वाट अरुंद असताना काय पाठवावे यापेक्षा काय सोडावे हे ज्याला कळले, त्यालाच हे तंत्र कळले.