सोसायटीतली ‘स्पायडर लिली’: नावात लिली, कंदात विष!

प्रभादेवीतल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत पावसाळ्यात जरा नीट पाहा. पट्ट्यासारखी लांब हिरवी पानं आणि कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची पांढरी फुलं दिसली, तर ती बहुधा स्पायडर लिली. माळ्यांचं हे लाडकं झाड, कारण ते सहसा मरत नाही. पण तिच्या कंदाबद्दल घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

मूळची कुठली?
शास्त्रीय नाव हायमेनोकॅलिस लिटोरॅलिस. ‘लिटोरॅलिस’ म्हणजे किनाऱ्यावरची. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतच्या ओलसर किनारी भागात ती रानात वाढते. त्यामुळे आपल्याकडचा खारा वारा आणि साचलेलं पाणी तिला सोसतं.

ही खरी लिली आहे का?
नाही. खऱ्या लिलीचं कूळ वेगळं. ही कांदा-लसणाच्या कुळातली. फुलाच्या मधोमध पुंकेसरांना जोडणारी पातळ पांढरी वाटी असते, ती तिची खूण. फूल संध्याकाळी उमलतं. पांढरा रंग आणि सुगंध रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावतात.

धोका कशात?
कंदात लायकोरिन हे विषारी द्रव्य असतं. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. कंद दिसतो कांद्यासारखा, पण त्याला कांद्याचा उग्र वास नसतो. खेळणारी मुलं आणि कुंड्या उकरणारे कुत्रे-मांजरं यांना जास्त जपायला हवं.

आपल्याकडची बहीण कोण?
नागदवणा, म्हणजे क्रायनम एशियाटिकम. आशियाच्या किनाऱ्यांवरची ही वनस्पती आकाराने मोठी. तिच्या बिया समुद्रात तरंगत दूरवर जातात. मात्र तिचा कंदही विषारीच.

काय काळजी घ्याल?
• बागेतून काढलेले कंद स्वयंपाकघरात किंवा कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका.
• कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा.
• कुणी खाल्लाच, तर घरगुती उपाय करत बसू नका. झाडाचा फोटो घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. प्राण्याने खाल्ला, तर पशुवैद्यकाकडे.

झाड उपटून टाकायची गरज नाही. वॉचमन, माळी आणि मुलांना एकदा दाखवून सांगा: हे बघायचं, खायचं नाही.